आव्याभोवती फिरणारी मांजरी

दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने करतो. पोळ्याला बैलाची मिरवणूक निघते, नागपंचमीला नागाच्या चित्रापुढे दूध-लाह्या ठेवल्या जातात, कुत्र्याला खंडोबाच्या पायाशी जागा मिळाली आहे आणि उंदीर तर प्रत्यक्ष गणरायाचे वाहन! वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चुलीपाशी, उंबऱ्यावर आणि वेळ पडल्यास आपल्या पांघरुणात जे जनावर राहते, त्या मांजराच्या वाट्याला मात्र आपल्या पंचांगात एकही दिवस आलेला नाही. याचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. मांजरालाही वाटत नसावे. निरांजनाचे ताट घेऊन घरधनीण उभी राहिली, तर त्या वेळी ते जागेवर सापडणार कसे?

मला पडलेला प्रश्न पूजेचा नाही, साहित्याचा आहे. ज्या प्राण्याशी आपला इतका रोजचा सहवास, त्याच्याकडे मराठी मनाने कोणत्या दृष्टीने पाहिले? त्याचे हिंडणे, या घरातून त्या घरात जाणे, दोन दिवस नाहीसे होऊन तिसऱ्या दिवशी काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत येणे, याचा अर्थ आपण काय लावला? शोध घेऊ लागल्यावर मला जे आढळले ते प्रथम थोडे निराशाजनक वाटले. पण शेवटी एका जुन्या गोष्टीपाशी येऊन मी थांबलो, आणि ती गोष्ट आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठी आहे असे माझे मत झाले. ते मत वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

आधी म्हणी पाहू. कारण समाजाचे झटपट दिलेले निवाडे म्हणींत सापडतात. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’, ‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे साधले’, ‘उंदराला मांजर साक्ष’, ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची’, यांतले प्रत्येक वाक्य म्हणजे एकेक आरोपपत्रच आहे. चोर, ढोंगी, खोटा साक्षीदार आणि वर दांडगा! वाटेत मांजर आडवे गेले की अपशकुन. म्हणजे ते आपल्या कामाला निघाले होते आणि आपण मध्ये आलो, ही शक्यता कोणाच्या मनाला शिवतही नाही. एवढ्या गर्दीत मला एकच म्हण वेगळी दिसते : ‘मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत.’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने पिलू तोंडात धरून भिंतीच्या कडेकडेने निघालेली मांजरी क्षणभर थांबून पाहिली असली पाहिजे. बाकीच्या म्हणी दुधाच्या भांड्याकडे पाहून झालेल्या आहेत. ही मांजरीकडे पाहून झाली आहे.

व्रतकथांकडे वळलो तर तिथे एक गंमत आढळते. आषाढात दिव्याच्या अवसेची कहाणी आपल्या आज्या सांगत. तीत सून घरातले पदार्थ स्वतः खाते आणि आळ घालते उंदरांवर. उंदीर मग आपल्या पद्धतीने सूड घेतात, आणि शेवटी दिव्यांच्या साक्षीने तिची सुटका होते. अशीच कथा बंगालात षष्ठीदेवीच्या व्रताला सांगतात. तिथेही सून चोरून खाते. पण आळ घालते मांजरीवर. षष्ठी ही मुलाबाळांची रक्षणकर्ती, आणि मांजर हे तिचे वाहन! आळाने दुखावलेली मांजरी त्या सुनेची मुले एकामागून एक उचलून देवीकडे नेऊन ठेवते. सून क्षमा मागते तेव्हाच ती परत मिळतात. या दोन कथा शेजारी ठेवल्या की फरक लक्षात येतो. बंगाली बाईने मांजरीला आई म्हणून ओळखले. तोंडात पिलू धरून नेणे हेच तिच्या कथेतल्या शिक्षेचे रूप झाले. आपल्या कहाणीत न्याय मिळाला तो उंदराला. मांजर तिथे साक्षीलासुद्धा नाही.

आधुनिक गद्यात एक मोठा अपवाद आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) मथी नावाची मांजर येते. श्यामच्या आईची ती लाडकी. आई गेल्यावर मथीही फार दिवस राहात नाही. गुरुजींचा स्वभाव लक्षात घेता हा प्रसंग त्यांनी किती हळुवारपणे लिहिला असेल, हे सांगायला नको. पण टीकाकार म्हणून मला म्हणावेसे वाटते की, इथे मांजराला मान मिळाला तो त्याने आपले मांजरपण सोडले म्हणून. मथी हिंडत नाही. ती आईच्या जागेपाशी राहते, माणसासारखा शोक करते. निष्ठा म्हणजे एका जागी राहणे, हे आपण गृहीतच धरले आहे. मग हिंडणाऱ्याला निष्ठा नसते काय?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत शोधण्यापूर्वी ज्या घरांतून मांजर हिंडते ती घरे पाहिली पाहिजेत. धाराशिव जिल्ह्याचे नाव जनावरांच्या संदर्भात घेतले की लोकांना उस्मानाबादी शेळी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण या भागातल्या जुन्या घरांची बांधणी जणू मांजरासाठीच झाली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचा थर दिलेले सपाट माळवद, आणि त्या माळवदात उजेडासाठी ठेवलेले भोक. एका घराचे माळवद संपते तिथे शेजारच्याचे सुरू होते. माणसाला गल्लीला वळसा घालून जावे लागे. मांजर वरच्या वर चार घरांची ख्यालीखुशाली घेऊन येई. खाली बळदात ज्वारी, ज्वारीमागे उंदीर, उंदरांमागे मांजर, असा हा संसार. एकीकडे तिचे नाव मनी, पलीकडच्या घरी चिमी, आणि तिसऱ्या घरी तिला नुसतेच ‘शुक् शुक्’. तिन्ही घरची माणसे ती आपली आहे असे समजत, आणि तिचेही त्याला काही म्हणणे नसे.

मांजर माणसाकडे आले तेच मुळी धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर कोठारांतल्या उंदरांमागे रानमांजर वस्तीत आले आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हा शेजार जमला, असे शास्त्रज्ञ सांगतात. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारीच मांजराचे दफन सापडले आहे. बैलाला आपण वेसण घातली, कुत्र्याला साखळी घातली. मांजराशी आपला करार तोंडीच राहिला. आता त्याच्या हिंडण्याबद्दल. गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा म्हणीतला प्रश्न शेवटी संशोधकांनीच सोडवला. सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात ठावठिकाणा दाखवणारी यंत्रे अडकवून केलेली पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. निष्कर्ष काय? बहुतेक मांजरे आपला बहुतेक वेळ घरापासून शंभर मीटरांच्या आतच घालवतात! बोका जरा लांब जातो, विशेषतः तो खच्ची केलेला नसेल तर. फाटका कान घेऊन परतणारा बोका कोणी पाहिला नाही? पण सामान्यतः मांजराची भटकंती ही फेरी असते. हिंडण्याला वर्तुळ असते आणि वर्तुळाला मध्य असतो. मांजरीचा तो मध्य, पिल्ले असतील तेव्हा, म्हणजे तिची पिल्ले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हीच घरे कोसळली आणि त्या दगडमातीखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर उमरगा-लोहारा भागातली अनेक गावे नव्या जागी, सुटी सुटी, रुंद रस्त्यांवर वसली. माळवदांच्या आठवणीने गहिवरताना त्या वजनाचा विसर पडू देणे बरोबर नाही. मी त्या घरांचा उल्लेख करतो तो एवढ्यासाठीच की, आता ज्या गोष्टीकडे मी वळणार आहे ती अशाच एकमेकांना चिकटलेल्या, दारे उघडी असलेल्या घरांच्या जगात जन्मली आहे.

ती गोष्ट राका कुंभाराची. ताहराबादच्या महीपतीने १७६२ साली पुरा केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे ती महाराष्ट्रात घरोघर पोचली. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आपल्या आधीच्या चरित्रकारांचे ऋण महीपती मोकळेपणाने मान्य करतो. तेव्हा गोष्टीचा मूळ मालक कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही. कीर्तनांतून मी ती ऐकली ती अशी. राका आणि त्याची बायको बाका हे पंढरपुरातले कुंभार जोडपे. राकाने कच्ची मडकी वाळवून आव्यात रचली. एका मांजरीने त्यातल्या एका मडक्यात आपली पिल्ले ठेवली आणि ती भक्ष्य शोधायला निघून गेली. राकाला याची कल्पना नव्हती. त्याने आवा पेटवला. मांजरी परत आली, आणि जाळाभोवती ओरडत फिरू लागली. तेव्हा काय झाले ते राकाच्या ध्यानात आले. त्याने देवाचा धावा केला : पिल्ले वाचली तर हा संसार लुटवून टाकीन. आवा उघडला तेव्हा चहूबाजूंची मडकी पक्की भाजलेली, आणि ते एक मडके कच्चे. त्यात पिल्ले खेळत होती. राका-बाकाने घरदार वाटून टाकले आणि रानातली लाकडे विकून ती दोघे राहू लागली.

बहुतेक श्रोते या गोष्टीतला चमत्कार लक्षात ठेवतात. मी ऐकलेल्या कित्येक पुनर्कथनांत तर मांजरीचे फिरणे एका वाक्यात आटोपून सांगणारा घाईघाईने न भाजलेल्या मडक्याकडे धावतो. माझ्या मते हा गोष्टीचा घात आहे. कारण ही गोष्ट उभी आहे ती दोन अगदी खऱ्या, रोजच्या निरीक्षणांवर, आणि ती दोन्ही चमत्काराच्या आधी येतात.

पहिले निरीक्षण मांजरीचे. व्यालेली मांजरी अंधारी, कोरडी, उबदार आणि अरुंद जागा शोधते. एक जागा धोक्याची वाटली की पिल्ले दुसरीकडे हलवते. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात ते यावरूनच. वाळलेल्या मडक्याचे पोट म्हणजे तिला हवी तशी जागा. पहिला आठवडा-दीड आठवडा पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. ती बाहेर येत नाहीत. आणि आईला मात्र बाहेर जावेच लागते, कारण तिने खाल्ले नाही तर तिला दूध नाही. तिची भटकंती आणि तिचे मातृत्व ही एकाच कामाची दोन टोके आहेत. आपल्या म्हणींनी यातले एकच टोक पाहिले होते.

दुसरे निरीक्षण कुंभाराचे. आवा म्हणजे झाकण उघडून आत डोकवावे अशी चूल नव्हे. खाली गोवऱ्या आणि काटक्या, त्यावर मडक्यांची रास, मग भुसा, पाचट, फुटकी खापरे आणि वरून मातीचा लेप. एकदा आत जाळ धरला की तो आपल्या गतीने जळत राहतो. मध्येच उपसायला जावे तर हात भाजतील आणि सगळी रास फुटेल. तरी आतले मडके हाती लागणार नाही. तो निवेपर्यंत वाट पाहणे एवढेच कुंभाराच्या हाती. म्हणजे राकाला चूक कळते ती अशा क्षणी की, कळून उपयोग नाही. शोकांतिकेला लागणारी सामग्री एवढीच असते. ती इथे राजवाड्यातून आणलेली नाही; गोवऱ्या आणि खापरांतून आली आहे.

या गोष्टीचे मोल कळण्यासाठी तिच्या दोन नातलगांशी तिची तुलना करून पाहावी. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांच्या परंपरेत भक्ताचे दोन प्रकार सांगतात. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरते; मांजराचे पोर काहीच करत नाही, आईच त्याला उचलून नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. दुसऱ्या न्यायात मांजरी म्हणजे देव, आणि ती आपल्या पिल्लाजवळ सदैव हजर आहे असे गृहीत आहे. तत्त्वज्ञाला तेवढे पुरते. पण गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक आहे की मांजरीला पोट आहे, ती शिकारीला जाते, आणि ती गेलेली असतानाच आवा पेटतो. राकाच्या गोष्टीतली मांजरी देव नाही. ती एक असहाय आई आहे, आणि तिची रिकामी राहिलेली जागा देवाला भरून काढावी लागते.

दुसरी नातलग गुजरात-राजस्थानकडची. तिथे हीच पिल्ले, हाच आवा. पण साक्षीला बाळ प्रल्हाद आहे. कुंभारीण रामाचे नाव घेते, पिल्ले वाचतात, आणि ते पाहून प्रल्हादाची भक्ती जागी होते. कथा गोड आहे. पण तिथे पिल्लांचा जीव हा एका सिद्धान्ताचा दाखला ठरतो. राकासमोर कोणी राजपुत्र उभा नाही. त्याला कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नाही. त्याच्या हातून जे झाले ते आणि समोर फिरणारी मांजरी, एवढेच त्याच्यापुढे आहे. म्हणून आपली कथा मला अधिक कसाची वाटते.

आणि आता तेरकडे यायला हवे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात या व्यापारी नगराचे नाव आहे, आणि तिथल्या उत्खननांतून निघालेली मातीची चित्रे आणि भांडी आज गावच्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. मातीला रूप देणाऱ्या या गावातच वारकरी ज्यांना प्रेमाने गोरोबाकाका म्हणतात ते गोरा कुंभार होऊन गेले. त्यांची गोष्ट लहान मुलालाही माहीत आहे. आई पाण्याला गेली. गोरोबा नामाच्या तंद्रीत चिखल तुडवीत राहिले. रांगत आलेले मूल त्यांच्या पायांखाली गेले.

राकाची गोष्ट या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. एका गोष्टीत आई पाण्याला गेली आहे, दुसरीत शिकारीला. दोन्हीकडे कुंभार आपल्या कामात आणि नामात आहे, दोन्हीकडे मातीतच पोर संकटात सापडते. गोरोबांची गोष्ट अधिक भीषण आहे यात शंका नाही, आणि म्हणूनच ती लोकांच्या मनावर अधिक कोरली गेली. पण तिने एक प्रश्न मागे ठेवला. ज्या भक्तीला मुलाचा आवाज ऐकू येत नाही ती भक्ती कसली? परंपरेने या प्रश्नाला बगल दिलेली नाही. गोरोबा स्वतःचे हात तोडून घेतात, आणि पंढरीच्या कीर्तनात हात आणि मूल दोन्ही परत मिळतात. तरीही तो आवाज ऐकला गेला नाही, हे सत्य कथेत उरतेच.

राकाची गोष्ट म्हणजे मला या प्रश्नाला दिलेले उत्तर वाटते. राका ऐकतो. आणि ऐकतो ते कोणाचे? स्वतःच्या लेकराचे नव्हे, सात घरांत हिंडणाऱ्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या मांजरीचे. शेजारच्या कोणीही तिला एक ढेकूळ मारून हाकलले असते, आणि त्यात त्याला दोष दिला गेला नसता. राका तिच्या फिरण्याचा अर्थ लावतो : ती ज्याअर्थी इथेच घोटाळते आहे, त्याअर्थी हिचे काहीतरी आत आहे. संपूर्ण गोष्टीतला खरा भक्तीचा क्षण माझ्या मते हा आहे. धावा त्यानंतरचा, चमत्कार त्याच्याही नंतरचा. दुसऱ्याच्या जिवाची येरझार कशासाठी चालली आहे हे ओळखणे, एवढेच इथे भक्तीकडून मागितले आहे. आणि ते थोडे नाही.

या गोष्टीवर एक आक्षेप घेता येईल. शेवटी पिल्ले वाचलीच ना? मग शोकांतिका कसली? उत्तर राकाच्या वागण्यात आहे. चमत्काराने पिल्ले सुटली, राका सुटला नाही. त्याने बोललेला नवस फेडला आणि मोळी डोक्यावर घेतली. घडू पाहात होते ते घडले नाही म्हणून त्याने आपला हिशेब मिटवला नाही. जुन्या गोष्टींतले संत कधीकधी फार स्वस्तात मोकळे होतात. राका तसा होत नाही.

मात्र एक उणीव मला जाणवते, आणि ती सांगितली नाही तर टीकाकाराचे काम अर्धे राहील. मी ऐकलेल्या कथनांत आवा उघडतो, पिल्ले दिसतात, जयजयकार होतो, आणि मांजरी गोष्टीतून नाहीशी होते! जिच्या फिरण्याने सगळी कथा हलली तिला सांगणारा देव आल्याबरोबर विसरतो. मला हे पटत नाही. मी कीर्तनकार असतो तर इथे अभंग सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबलो असतो. कोमट राखेवरून जपून पाय टाकत ती आली असेल, एकेक पिलू मानेला धरून तिने उचलले असेल, आणि राकाकडे वळूनही न पाहता ती आठव्या घराच्या शोधात निघाली असेल. आभार मानायला ती थांबली असेल असे मला वाटत नाही. तिने थांबावे अशी राकाची अपेक्षाही नसेल. उद्यापासून त्यालाही घर नव्हतेच.

कुंभारवाड्यांतले आवे दिवाळीच्या आधी पणत्यांनी भरतात. त्यांतलीच एखादी मातीची पणती आज तुमच्या उंबऱ्यावर असेल, आणि तिच्या उजेडातून कोणाचे तरी मांजर आडवे जाईल. मुलांनी विचारले तर अपशकुनाची गोष्ट सांगू नये. राकाची सांगावी, आणि सांगताना मांजरीच्या फेऱ्या गाळू नयेत.